तीन बजी आणि एक सीमा: लांबच्या प्रवासाचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे सल्ल्यासाठी आलं होतं आणि कुटुंबाच्या संमतीने ते इथे मांडतो आहे. देश, शहरं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच आहेत.

पार्श्वभूमी

चौघांचं कुटुंब. आईला परदेशात तीन वर्षांच्या कराराची नोकरी लागली आणि सगळ्यांनी जायचं ठरलं. घरात तीन बजी, म्हणजे बजेरिगर जातीचे छोटे पोपट, होते: चार वर्षांचा निळा नर, त्याच वयाची पिवळी मादी आणि आठ वर्षांची हिरवी मादी. निळा आणि पिवळी यांची पक्की जोडी. हिरवी दोघांच्या आधीपासून घरात होती आणि बहुतेक वेळ मुलीच्या खांद्यावर असायची. घरातला बजी साधारण पाच ते दहा वर्षं जगतो, म्हणजे ती उतारवयात होती.

निघायला साडेतीन महिने होते. घराजवळच्या विमानतळावरून थेट विमान नव्हतं आणि विमान कंपनी पक्ष्यांना प्रवाशांसोबत आत घेत नव्हती. पक्षी खालच्या सामानकक्षातूनच जाणार होते.

कुटुंबाची सगळी काळजी त्या सामानकक्षाची होती. उंची, आवाज, गारठा. हे वाटणं स्वाभाविक आहे. पण जिवंत प्राणी घेणाऱ्या विमानात त्या कक्षातला हवेचा दाब प्रवासी कक्षाइतकाच असतो, तापमान राखलेलं असतं आणि खाली प्राणी आहेत हे वैमानिकाला लेखी कळवलेलं असतं. मला काळजी वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. बजीचं वजन तीस ते चाळीस ग्रॅम आणि शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास. एवढ्याशा देहाला ती ऊब टिकवायची तर दाणा सतत पोटात जावा लागतो. दिवसभर उपास घडला तर जिवावर बेतू शकतं. त्यात अंधारात बजी शांत बसतो खरा, पण खातही नाही.

म्हणून पहिल्याच बैठकीत मी त्यांना एक यादी करायला सांगितली: घरापासून नव्या घरापर्यंत खोका कुठे कुठे थांबेल, किती वेळ थांबेल, आणि तेव्हा तो कोणाच्या ताब्यात असेल. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्या यादीवरून झाले.

अडचण

कागदांचे थर एकावर एक होते. सायटिस हा वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे आणि पोपटवर्गातल्या जवळपास सगळ्या जाती त्याच्या कुठल्या ना कुठल्या यादीत येतात. चार जाती त्यातून वगळल्या आहेत: बजेरिगर, कॉकॅटील, रोझ-रिंग्ड पॅराकीट म्हणजे आपला नेहमीचा हिरवा पोपट, आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड. त्यामुळे सायटिसचा परवाना लागणार नव्हता. तरीही प्रत्येक कागदावर 'मेलोप्सिटॅकस अंड्युलेटस' हे शास्त्रीय नाव घालायचा मी आग्रह धरला. अर्जात नुसतं 'पोपट' लिहिलेलं दिसलं की तपासणारा सायटिसचा कागद मागणार, आणि तो लागत नाही हे सिद्ध करण्यात दिवस जाणार.

ज्या देशात जायचं त्याच्या अटी वेगळ्या. आयात परवाना आधी घ्यायचा. निघण्यापूर्वी पक्षी ३० दिवस विलगीकरणात ठेवायचे, किंवा किमान १० दिवस ठेवून त्या काळात बर्ड फ्लूची चाचणी करायची. आरोग्य प्रमाणपत्रावर सरकारी पशुवैद्यकाची सही हवी आणि ती निघण्याच्या अगदी जवळच्या दिवसांतली हवी. घराच्या परिसरात बर्ड फ्लूचे निर्बंध नसावेत. प्रत्येक पक्ष्याची ओळख पायातल्या रिंगवरून पटली पाहिजे. आणि पक्षी मालकासोबत किंवा फार तर काही दिवसांच्या फरकाने यायला हवेत, नाहीतर ते पाळीव न राहता व्यापारी माल ठरतात आणि नियम पार बदलतात. ही शेवटची अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

एक बाब कुटुंबाच्या गावीही नव्हती. पक्ष्यांचं खाणं म्हणजे बी-बियाणं आणि ताजी भाजी, आणि वनस्पतींच्या आयातीचे नियम स्वतंत्र असतात. राळ्याची कणसं आणि काकडीच्या फोडी सीमेवर काढून घेतल्या जाऊ शकतात. आपलं नेहमीचं दाण्याचं मिश्रण पलीकडे मिळेलच असं नसतं, आणि बजी अनोळखी दाण्याला दोन-दोन दिवस तोंड लावत नाही.

समोरचे पर्याय

जवळच्या विमानतळावरून तिसऱ्या देशात विमान बदलून जाणं सगळ्यात सोयीचं दिसत होतं. पण मध्ये सात तासांचा मुक्काम होता आणि खोका मालवाहू गोदामात राहणार होता. शिवाय पक्षी ज्या देशातून नुसते पार होतात त्या देशाचीही परवानगी लागू शकते. यादीत टाकल्यावर हा पर्याय सगळ्यात वाईट ठरला.

पूर्ण प्रवास गाडीने, हा वडिलांचा आवडता पर्याय होता. पक्षी डोळ्यांसमोर राहतात, वाटेल तेव्हा थांबता येतं. पण चार दिवस आणि दोन जमिनीवरच्या सीमा, म्हणजे दोन देशांचे स्वतंत्र परवाने आणि दोन्हीकडे अडकून पडण्याची शक्यता.

तिसरा पर्याय नऊ तास गाडीने मोठ्या विमानतळापर्यंत जायचं आणि तिथून थेट विमान घ्यायचं. चौथा, प्राणी पाठवणाऱ्या एजंटाकडे पक्षी सोपवायचे. काम अनुभवी हातात गेलं असतं, पण मालकासोबतची अट मोडली असती.

पाचवा पर्याय पक्षी इथेच चांगल्या घरी देण्याचा. हा मी प्रत्येक कुटुंबासमोर ठेवतो आणि मनापासून ठेवतो. पक्षी मागे ठेवला म्हणजे माया कमी पडली, असं मी मानत नाही. काही देशांच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नसतो. बजीचं मूळ घर ऑस्ट्रेलिया, पण न्यूझीलंड सोडून कुठल्याही देशातून आलेला पाळीव पक्षी ऑस्ट्रेलियात घेतला जात नाही.

थेट विमानाचा पर्याय ठरला. नऊ तासांचा रस्ता लांब होता, पण ते नऊ तास पक्षी घरच्यांच्याच हातात राहणार होते.

पहिला निर्णय: हिरवीचं काय

अडीच महिने आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे तिघांची तपासणी झाली. विष्ठा तपासली आणि पोपटवर्गातून माणसालाही होऊ शकणाऱ्या सिटॅकोसिसची चाचणी केली. ही चाचणी प्रत्येक देश मागत नाही, पण लांबच्या प्रवासाच्या ताणात दबलेला संसर्ग वर येतो, म्हणून ती आधी करून घ्यावी. तिन्ही अहवाल चांगले आले.

हिरवीच्या छातीवर मात्र चरबीची गाठ होती. वयस्क बजींमध्ये अशा गाठी बऱ्याचदा दिसतात. डॉक्टरांनी तिला हातात धरून तपासलं, परत दांडीवर ठेवलं आणि घड्याळाकडे पाहत उभे राहिले. जोडीतल्या दोघांचा श्वास लगेच जागेवर आला होता. हिरवीची शेपटी बराच वेळ श्वासागणिक खालीवर होत राहिली.

"ताई, सही करायला मला दोन मिनिटं लागतील," डॉक्टर म्हणाले. "पण बसल्या जागी दम लागतोय तिला. हिला नेऊ नका."

आईला हे पटलं, मुलीला पटायला वेळ लागला. पक्षी पाळणाऱ्या एका मैत्रिणीच्या घरी वयस्क बजींची एक शांत जोडी होती. हिरवीला तिथे एकदम सोडलं नाही. आधी शेजारी-शेजारी पिंजरे, मग दिवसाचे काही तास, मग रात्रीचा मुक्काम. मुलगी दर वेळी सोबत गेली. हिरवी कायमची तिथे राहायला गेली ती विलगीकरण सुरू होण्याआधी. पुढे पक्षी हलवायला बंदी आली तेव्हा हा क्रम फार उपयोगी पडला.

दुसरा निर्णय: कोणतं विमान

काढलेलं तिकीट शुक्रवारी संध्याकाळी उतरणारं होतं. मी सीमेवरच्या पशुवैद्यकीय तपासणी केंद्राच्या वेळा विचारायला लावल्या. केंद्र संध्याकाळी बंद होतं आणि सोमवारी सकाळी उघडतं, असं उत्तर आलं. म्हणजे आठ तासांच्या प्रवासानंतर दोन पूर्ण दिवस पक्षी विमानतळावर अनोळखी हातांत राहिले असते. या एका चौकशीने जेवढा धोका टळला तेवढा बाकीच्या सगळ्या तयारीने मिळून टळला नसेल.

मग सोमवारी रात्री सुटून मंगळवारी सकाळी उतरणारं विमान निवडलं. त्याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. बजी रात्री दहा-बारा तास खात नाहीतच. संध्याकाळी अन्नपिशवी भरून घेतात आणि झोपतात. रात्रीच्या विमानात सामानकक्षाचा अंधार त्यांच्या झोपेच्या वेळेवर पडतो, आणि दोन्ही टोकांचं थांबणं उजेडात होतं, जेव्हा ते खाऊ शकतात.

तिसरा निर्णय: निर्बंध लागले तेव्हा

निघण्याच्या दोन आठवडे आधी, विलगीकरण चालू असताना, जवळच्या एका कोंबडीपालन केंद्रात बर्ड फ्लू सापडला. भोवतालच्या दहा किलोमीटरमध्ये निगराणी क्षेत्र जाहीर झालं आणि तिथून पक्षी हलवायला बंदी आली. घर आठ किलोमीटरवर होतं.

कोणीतरी सुचवलं की पक्षी गुपचूप गाडीत घालून क्षेत्राबाहेरच्या नातेवाइकांकडे न्यावेत आणि तिथला पत्ता लावावा. आईने ते तिथल्या तिथे नाकारलं. बंदी मोडण्याचा प्रश्न होताच, शिवाय नकळत संसर्ग नेला असता तर तो दुसऱ्यांच्या पक्ष्यांपर्यंत गेला असता. अशा वेळी घाईपोटी मन कसं पळवाटा शोधतं हे मी अनेकदा पाहिलं आहे, म्हणून तिच्या त्या ठाम नकाराची नोंद इथे करावीशी वाटते.

आई आणि मुलं ठरल्या तारखेला गेली. वडील पक्ष्यांसोबत मागे राहिले. इथे एक गाठ बसली: आयात परवाना आईच्या नावावर होता आणि अट मालकासोबत येण्याची होती. परवाना वडिलांच्या नावावर नव्याने काढण्यात नऊ दिवस गेले. निर्बंध उठायला पाच आठवडे लागले. त्यानंतर दहा दिवसांचं विलगीकरण आणि चाचणी असा छोटा मार्ग घेतला. चाचणीसाठी घशातला आणि गुदद्वारातला स्वॅब घेतला. इतक्या लहान पक्ष्यातून वजनाच्या साधारण एक टक्का, म्हणजे फार तर ०.३ ते ०.४ मिलिलिटर रक्त काढता येतं, म्हणून स्वॅब चालत असेल तर तोच घ्यावा.

खोका आणि सवय

खोका आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जिवंत प्राण्यांसाठीच्या नियमावलीप्रमाणे बनवून घेतला. ही नियमावली दरवर्षी सुधारली जाते, त्यामुळे चालू वर्षाची आवृत्ती पाहूनच खोका ठरवावा. लाकडी बांधणी, चारही बाजूंनी हवेला जागा, समोर बारीक जाळी आणि तिच्यावर वरखाली करता येईल असा पातळ कापडी पडदा. दार न उघडता बाहेरून दाणा-पाणी घालता येईल अशी सोय. मध्ये जाळीचा आडपडदा, म्हणजे दोघं एकमेकांना दिसतील पण धक्का बसला तर अंगावर येणार नाहीत.

दांडी खाली, जमिनीपासून शेपटी टेकणार नाही इतक्याच उंचीवर, खरखरीत आणि दोन्ही टोकांना पक्की. गोल फिरणारी दांडी प्रवासात पक्ष्याला रात्रभर झोपू देत नाही. झोका, आरसा, घंटा काही नाही. तळाला कागद, कारण विष्ठा त्यावर स्पष्ट दिसते. पाण्याच्या भांड्यात स्वच्छ स्पंजचा तुकडा बसवला: पाणी हिंदकळत नाही आणि पक्षी चोच टेकवून पिऊ शकतो.

पाच आठवड्यांच्या सक्तीच्या थांब्याचा उपयोग वडिलांनी उत्तम केला. खोका दार उघडं ठेवून मोठ्या पिंजऱ्याला जोडला आणि राळ्याचं कणीस फक्त त्यातच ठेवलं. पिवळी दुसऱ्या दिवशी आत गेली, निळ्याने आठवडा घेतला. निर्बंध उठल्यावर मोटारीत छोट्या फेऱ्या झाल्या. पलीकडे मिळणारं बंद पाकिटातलं खाद्य इथे शोधून रोजच्या दाण्यात थोडं थोडं मिसळलं आणि निघेपर्यंत दोघं तेच खाऊ लागले. रोज सकाळी, दाणा देण्याआधी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन. बजी आजार लपवतो, आणि पिसांखाली अंगाची झीज दिसत नाही. ग्रॅमचा आकडा त्याला लपवता येत नाही. नेहमीच्या वजनात दहा टक्के घट झाली तर डॉक्टरांना फोन, असं ठरलं होतं.

गुंगीच्या औषधाचं वडिलांनी विचारलं होतं. डॉक्टरांनी साफ नकार दिला. गुंगीतल्या पक्ष्याचा तोल जातो, श्वास आणि शरीराची ऊब यांवरचा ताबा सुटतो, आणि तिथे पाहायला कोणी नसतं.

प्रवास आणि सीमा

मोटारीचा टप्पा आदल्या दिवशी झाला. खोका मागच्या सीटवर पट्ट्याने बांधला, एसीचा झोत दुसरीकडे वळवला, गाडीतली सुगंधी डबी काढून टाकली. दर दोन तासांनी सावलीत थांबून पडदा वर, दाणा-पाणी, दहा मिनिटं शांतता. वडील गाडी सोडून एकदाही गेले नाहीत. बंद उभी गाडी काही मिनिटांत तापते. रात्र विमानतळाजवळ, पक्ष्यांची आधी परवानगी घेतलेल्या खोलीत काढली.

सोमवारी संध्याकाळी खोका सोपवण्याआधी वडिलांनी पडदा वर ठेवून दोघांना भरपूर खाऊ दिलं. काकडीची फोड तेव्हाच, नंतर नाही, म्हणजे सीमेवर काढून घेण्यासारखं फारसं उरणार नव्हतं.

उतरल्यावर अडचण आली ती कागदाची. प्रमाणपत्रावर निळ्याच्या रिंगचा क्रमांक होता, त्यात एका जागी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टाईप झाला होता. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने भिंगातून रिंग वाचली आणि खोका बाजूला ठेवला. मायदेशी त्या वेळी पहाट होती, कार्यालय उघडायला तीन तास होते. वडिलांच्या फोनमध्ये निळ्याच्या पायाचे जवळून काढलेले फोटो होते, तारखेसह, डॉक्टरांच्या टेबलावरचे. अधिकाऱ्याने ते नोंदवून घेतले, पण सुटका मायदेशातून ईमेल आल्यावरच झाली.

त्या तीन तासांत पक्ष्यांचं काय, हा खरा प्रश्न होता. वडिलांनी वाद घातला नाही. खोका दाराच्या झोतातून हलवून उजेडात ठेवता येईल का आणि पडदा वर करता येईल का, एवढंच विचारलं. अधिकारी तयार झाले. पिवळी लगेच पाकिटातलं खाद्य खाऊ लागली. निळा जाळीला चिकटून तिच्याकडे पाहत राहिला आणि बऱ्याच वेळाने त्याने पहिला दाणा फोडला. उरलेली कणसं मात्र अधिकाऱ्यांनी काढून घेतली.

परिणाम

निघताना निळा ३८ ग्रॅम, पिवळी ३६. नव्या घरी पोहोचल्यावर ३५ आणि ३४. पहिल्या दिवशी विष्ठा हिरवट आणि पातळ होती, म्हणजे पोटात कमी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती घट्ट झाली आणि आठवड्याभरात वजनं जवळपास जागेवर आली. वेळेतला फरक भरून काढायला खोलीतला दिवा रोज अर्धा तास सरकवला. पहिल्या काही रात्री निळा दचकून पिंजऱ्यात फडफडला. मंद दिवा चालू ठेवल्यावर ते थांबलं.

हिरवी मैत्रिणीच्या घरी रुळली. मुलगी तिच्याशी व्हिडिओवर बोलते. हिरवी फोनकडे लक्ष देते की नाही यावर घरात एकमत नाही, पण ती खाते, वजन टिकून आहे आणि दुपारी त्या जोडीच्या शेजारी बसते.

काय वेगळं करता येईल

परवाना सुरुवातीपासूनच त्या माणसाच्या नावावर काढावा जो गरज पडल्यास मागे राहू शकतो. नोकरीवर हजर होण्याची तारीख ज्याच्या डोक्यावर आहे, त्याच्या नावावर काढू नये.

रिंगचा क्रमांक दोन माणसांनी स्वतंत्रपणे वाचून प्रमाणपत्राशी ताडावा, आणि फोटो फोनमध्ये ठेवण्यापेक्षा सही-शिक्क्यानिशी प्रमाणपत्रालाच जोडावेत. तसं झालं असतं तर ते तीन तास कदाचित वाचले असते.

सुरुवातीला ३० दिवसांचं विलगीकरण निवडलं कारण त्यात चाचणी नव्हती. ते तेव्हा बरोबर वाटलं, पण जितका काळ लांब तितकी मध्येच निर्बंध येऊन तो वाया जाण्याची शक्यता जास्त. परवडत असेल आणि देश मान्य करत असेल तर छोटा काळ आणि चाचणी हाच मार्ग मी आता आधी सुचवतो.

आणखी एक गोष्ट अजून सुटलेली नाही. करार तीन वर्षांचा आहे आणि मायदेशी परत आणायचे नियम नेण्याच्या नियमांपेक्षा वेगळे आहेत. निघताना तो कागद कोणी पाहिला नव्हता. आता वडिलांनी मायदेशीच्या पशुसंवर्धन खात्याकडे लेखी चौकशी केली आहे. पक्षी आपल्याच देशात जन्मलेले आहेत याचा पुरावा म्हणून निळ्याच्या रिंगची नोंद पैदास करणाऱ्याकडून मिळाली. पिवळीची रिंग मोठेपणी बसवलेली आहे, तिच्यासाठी डॉक्टरांच्या जुन्या नोंदी गोळा करणं चालू आहे.